सुकन्याचा पूर्वीचा आजार

सुकन्याच्या बेंबीच्या डाव्या बाजूला, साधारण दोन बोटांवर, तीन डाग होते. प्रत्येक डाग तांदळाचे दोन दाणे टोकाला टोक लावून ठेवावेत एवढा लांब. कडा सरळ, मधली कातडी आजूबाजूच्या कातडीपेक्षा किंचित फिकी आणि गुळगुळीत. वरचे दोन एकमेकांना समांतर होते. खालचा थोडा तिरका होता. तिसऱ्याच्या वेळेपर्यंत मूल हातपाय झाडायला लागलं असावं.

"हे भाजलेले दिसतात," मी म्हणाले.

"डाग दिलेत ते," खुर्चीत बसलेले तिचे वडील दत्तूभाऊ म्हणाले. "ल्हानपणी. आमच्याकडं देतात."

ते मला माहीत होतं. भिवंडीच्या आसपासच्या गावांत तापवलेल्या तारेचा चटका हा बराच काळ औषधाचाच एक प्रकार होता. मी छातीची डॉक्टर. भिवंडीत धामणकर नाक्यावर पहिल्या मजल्यावर माझा दवाखाना आहे. माझ्याकडे येणाऱ्यांत निम्मे लूमवरचे कामगार असतात, सुताच्या धुळीनं खोकणारे. उरलेले गावांतून येतात. त्यांच्यातल्या तिशी ओलांडलेल्या माणसाच्या पोटावर असा डाग दिसला तर मी विचारतही नाही. पण सुकन्या अठरा वर्षांची होती, आणि तिच्या बाबतीत विचारणारी मी पहिली नव्हते.

एनडीएची लेखी परीक्षा ती पास झाली होती. पुढे एसएसबीच्या पाच दिवसांच्या निवडीतूनही पार पडली. अडकली ती वैद्यकीय तपासणीत. लष्कराच्या डॉक्टरबाईंनी या तीन डागांवर बोट ठेवून विचारलं, हे कोणत्या आजारासाठी? सुकन्या म्हणाली, "माहीत नाही, मॅडम." मग त्यांनी तिच्या कानात पाहिलं, तर तिथे मळ सापडला. तिला तात्पुरतं अपात्र ठरवून फेरतपासणीला बोलावलं. कान साफ करून या, पोट आणि छाती तपासून या, आणि तो आजार कोणता होता ते घरी विचारून या.

कान साफ झाले होते. पोटाच्या डॉक्टरांनी पोट उत्तम असल्याचं लिहून दिलं होतं. आता छातीची पाळी होती.

"तसं काय न्हाय, मॅडम," दत्तूभाऊ म्हणाले. दत्तूभाऊ घरत दिघाशी गावचे. घरची भातशेती करतात आणि उरलेल्या वेळात दापोड्याच्या गोदामांत टेम्पो चालवतात. "पोर एकदम टकाटक हाय. सकाळी अंबाडी नाक्यापर्यंत पळून येते. तुम्ही फक्त एक दाखला द्या, हिला कधीच काय झालेलं न्हाय असा."

"कधीच?"

"कधीच."

"मग डाग कशाला दिले?"

"ते असंच," दत्तूभाऊ म्हणाले. "देऊन ठेवलेले बरे असतात."

सुकन्या खाली बघून हसली. मी तिला फुंकायच्या यंत्राकडे पाठवलं.

हे यंत्र काशी चालवते. काशी माझ्याकडे बरीच वर्षं आहे. तिचा आवाज असा आहे की खालच्या रिक्षास्टँडवरची माणसंसुद्धा एकदोनदा नकळत फुंकली असतील. "बेटा, पूरा साँस अंदर! अब फूँको! फुंक, फुंक, फुंक, सोडू नको, अजून, अजून, अजून!" लूमवाल्यांमुळे तिची सुरुवात हिंदीत होते आणि जोर लावायची वेळ आली की मराठी येते. सुकन्या तिन्ही वेळा छान फुंकली. कागदावरची रेघ पुस्तकात दाखवतात तशी निघाली.

त्यानंतर नियमाप्रमाणे श्वासनळ्या उघडणारं औषध द्यायचं आणि पुन्हा फुंकायला लावायचं. काशीनं तिच्या हातात निळा पंप दिला आणि कसा घ्यायचा ते सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात सुकन्यानं पंप हलवला, श्वास पूर्ण बाहेर सोडला, ओठ घट्ट मिटून कळ दाबली, हळू आत ओढलं आणि श्वास रोखून धरला. रोखून धरताना तिनं डोळेही मिटून घेतले.

पहिल्यांदा पंप घेणारा माणूस असं करत नाही. पहिल्यांदा घेणारा पंप तोंडावर धरून माझ्याकडे बघत राहतो, मग कळ दाबतो आणि खोकतो. पदवीधर माणसंही हेच करतात.

"आधी कधी घेतला आहेस का हा?" मी विचारलं.

"नाही." मग थोड्या वेळानं, "म्हणजे, आठवत नाही."

दुसऱ्यांदा काढलेली रेघ पहिल्या रेघेवरच बसली. फुप्फुसं निर्दोष होती. मी तिला तसं सांगितलं, आणि हेही सांगितलं की यंत्र आजच्या दिवसापुरतं बोलतं. बोर्डानं विचारलंय ते मागचं.

"मागचं कुणाला ठाऊक आहे तुमच्या घरी?"

"सगळ्यांनाच," सुकन्या म्हणाली. "आणि प्रत्येकाचं वेगळं आहे."

"मग सगळ्यांनाच घेऊन या," मी म्हणाले. हे मी शब्दशः म्हणायला नको होतं.

पुढच्या आठवड्यात काशी दारातून डोकावली. "मॅडम, बाहेर अख्खी दिघाशी बसलीय."

अख्खी नव्हती, पाच माणसं होती. पण माझी खोली लहान आहे आणि त्यांच्यात रंगूबाई होत्या. दत्तूभाऊंनी हात धरून त्यांना रुग्णाच्या स्टुलावर बसवलं आणि ओळख करून दिली, "हिनंच डाग दिलेत." रंगूबाईंनी पदर नीट केला. त्या सत्तरीच्या पुढच्या असाव्यात. जिना चढून त्यांना धाप लागली होती, पण ओळख ऐकून मान ताठ झाली. दर दिवाळीला घरतांच्या घरून त्यांना लुगडं आणि नारळ जातो, हेही दत्तूभाऊंनी सांगितलं. पोरगी वाचली ती हिच्या हातानं, म्हणून.

"वाचली कशातून?" मी विचारलं.

"पोट फुगायचं तिचं," दत्तूभाऊ म्हणाले.

"फुगायचं कसलं, मुडदूस व्हता," रंगूबाई म्हणाल्या. "बरगड्या दिसायच्या. श्वास घेतला की आत जायच्या."

मी सुकन्याच्या आईकडे पाहिलं. द्रौपदीताई दाराजवळ उभ्या होत्या. बसायला जागा होती, तरी उभ्याच. त्या भिंतीवरचं फुप्फुसांचं चित्र बघत होत्या.

"रंगूबाई, मुडदूस झाला तर डाग कुठे देता?"

"पोटाला."

"आणि ताप आला तर?"

"पोटालाच."

"खोकला?"

"सगळं पोटातनंच येतं, बाय."

"पाय मुरगळला तर?"

त्यांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं. "पायाला डाग दिला तर पोरगं चालंल कसं?"

म्हणजे डागांच्या जागेवरून काही कळण्यासारखं नव्हतं. इतका वेळ गप्प बसलेला एक तरुण आता पुढे सरकला. हा विपुल, दत्तूभाऊंच्या भावाचा मुलगा. दापोड्यात एका गोदामात पार्सलं स्कॅन करतो. त्यानं मोबाईल माझ्या टेबलावर सरळ ठेवला, साहेबापुढे फाईल ठेवावी तसा.

"मॅडम, टेन्शनच न्हाय. मी सगळं काढलंय. कुठला आजार व्हता ते महत्त्वाचंच न्हाय. आपण सोपातला सोपा आजार निवडायचा."

"निवडायचा?"

"हां. इथं यादी हाय. कशाकशाला वेव्हर मिळतो ते दिलंय."

"वेव्हर म्हंजे रं काय?" दत्तूभाऊंनी विचारलं.

"माफी, काका. टोलमाफी असते ना, तशी. आजार झालेला असतो, पण ते धरत न्हाईत." त्यानं बोटानं पान वर सरकवलं. "कावीळ चालंल. कानाचं चालंल, पण कान त्यांनी बघितलेत. अपेंडिक्स नको, त्याला टाक्यांची खूण लागते. आणि हे बघा, दमा. दमा असला तरी तेराव्या वाढदिवसाच्या आत गेला असंल तर काय प्रॉब्लेमच न्हाय. त्याच्यानंतर असला तरी अर्ज टाकायचा."

मी मोबाईल हातात घेऊन पानाच्या वरच्या टोकाला गेले. इंग्रजी बरोबर होतं, माहितीही नीट मांडलेली होती.

"विपुल, हे अमेरिकेच्या सैन्याचं आहे."

"म्हंजे?"

"म्हणजे सुकन्याला अमेरिकेच्या अकादमीत जायचं असेल तर उपयोगी पडेल."

सुकन्यानं दुपट्टा तोंडावर धरला. विपुलनं मोबाईल परत घेतला आणि पान स्वतः वर नेऊन बघितलं. गोदामात चुकीच्या गल्लीत गेलेलं पार्सल बघावं तसं.

"पण दमा तर सगळीकडं सारखाच असतो ना," तो म्हणाला.

"दमा सारखा असतो. नियम ज्याचे त्याचे असतात. आपल्याकडे पान भरून माफी मागायची सोय आहे असं मला माहीत नाही. बोर्डातले डॉक्टर तपासतात, विचारतात, आणि ठरवतात. आधी काय काय झालं होतं ते तुम्ही सांगायचं आणि खाली सही करायची."

"आणि न्हाय सांगितलं तर?"

मी उत्तर देणार होते, पण रंगूबाईंना खोकल्याची उबळ आली. जिना, कोंदट खोली आणि मुडदुसाची साक्ष, तिन्हींचा भार पडला असावा. खोकला थांबेना. श्वास सोडताना छातीतून बारीक शिट्टी ऐकू यायला लागली. मी नळी लावून ऐकलं. काशीनं निळा पंप आणला आणि त्याला लावायचं प्लास्टिकचं भांडंही. म्हाताऱ्या माणसांना आणि लहान मुलांना नुसता पंप जमत नाही, हे भांडं मध्ये लावावं लागतं. त्यात औषध साठतं आणि सावकाश ओढून घेता येतं.

रंगूबाईंना भांडंही जमेना. त्या त्यात फुंकर मारत होत्या. "आत घ्या, आजी, आत," काशी ओरडत होती. आजी आणखी जोरात फुंकत होत्या.

द्रौपदीताई दारापासून कधी आल्या ते मी पाहिलं नाही. त्यांनी काशीच्या हातातून पंप घेतला, हलवला, भांड्याला लावला, डाव्या हातानं रंगूबाईंची हनुवटी वर केली आणि भांडं तोंडावर नीट बसवलं. "तोंड मिटा. हां. आता फुगा ओढायचा. फुगवायचा न्हाय, ओढायचा. हळू. अजून. धरा आता. धरा, धरा, धरा. सोडा." मग थोडं थांबून दुसऱ्यांदा. आधी पंप पुन्हा हलवून.

रंगूबाईंचा श्वास मोकळा झाला. त्यांनी लगेच विचारलं.

"हे कुठं शिकलीस गं, द्रौपदे?"

द्रौपदीताईंनी भांडं पदराला पुसलं आणि टेबलावर ठेवलं. मग खुर्चीवर बसल्या.

"दमा व्हता तिला," त्या म्हणाल्या.

"कुणाला?" दत्तूभाऊंनी विचारलं.

"सुकीला. पाचव्या वर्षी लागला. तुम्ही डाग द्यायला नेलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी बांगड्या भरायला म्हणून भिवंडीला आले आणि एका म्हाताऱ्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी वाफ दिली, पंप दिला. शाळेत चौथीला जाईपर्यंत चालू व्हता. मग हळूहळू बंद केला त्यांनी. आता ते बी न्हाईत."

"इतकी वर्षं तू दर महिन्याला बांगड्या भरत व्हतीस?"

"तुम्ही कधी हात बघितला का माझा?"

विपुल हसला आणि लगेच गंभीर झाला.

"मना न्हाय सांगितलंस," दत्तूभाऊ म्हणाले. ते रागावले होते असं मला वाटलं नाही. टेम्पो मागे घेताना काहीतरी आडवं आलं की माणूस उतरून बघतो, तसा त्यांचा चेहरा झाला होता.

"तुम्हाला सांगितलं असतं तर सासूबाईंना कळलं असतं. सासूबाईंना कळलं असतं तर अंबाडी नाक्यापर्यंत कळलं असतं. पोरीला दमा म्हटल्यावर स्थळ कोण आणतंय?"

पाच वर्षांच्या मुलीच्या स्थळाची काळजी जरा लवकर सुरू झाली होती. पण मी या तालुक्यात पुरेशी वर्षं आहे, म्हणून काही बोलले नाही. "पंप ठेवायचात कुठे?" एवढंच विचारलं.

"तांदळाच्या कणगीत. तांदूळ मीच काढायची."

"तरीच," सुकन्या हळूच म्हणाली. "फुगा-फुगा." सगळे तिच्याकडे वळले. "आई मागच्या पडवीत घेऊन जायची, आम्ही फुगा-फुगा खेळायचो. डोळे मिटायचे आणि फुगा ओढायचा. मला वाटायचं सगळ्यांच्या आया खेळतात."

एकाच वेळी दोन उपचार केले की गुण कशाचा आला हे सांगता येत नाही, असं आम्हाला शिकवतात. घरतांच्या घरी मात्र ते सांगता आलं होतं. दिसला त्या उपचाराला लुगडं मिळालं, दुसरा तांदळात राहिला. दत्तूभाऊ बहुधा तोच हिशेब करत होते, कारण ते रंगूबाईंकडे बघत होते.

"म्हंजे आम्ही दर दिवाळीला..." त्यांनी सुरुवात केली.

"मग आता नारळ परत द्यू काय?" रंगूबाई म्हणाल्या. "खाल्ले की ते. आणि मी मागितले नव्हते, तूच आणून द्यायचास. माझा डाग आणि हिचा पंप, दोघांनी मिळून केलं म्हण."

"रंगूबाई," मी म्हणाले, "यापुढे कुठल्याही मुलाला डाग द्यायचा नाही."

"आता कोण आणतंय माझ्याकडं? सगळे तुझ्याकडंच येतात की." त्यांनी पंपाकडे बोट दाखवलं. "मी बी आलेच ना."

मग खरी चर्चा सुरू झाली. विपुलचं म्हणणं सरळ होतं. यंत्रात काही येत नाही, ते डॉक्टर हयात नाहीत, कुठे कागद नाही. मग सांगायचंच कशाला? डाग पोटाचे होते म्हणायचं, रंगूआजी साक्षीला आहेच. दत्तूभाऊही म्हणाले की पोरीनं दोन वर्षं अभ्यास केला, पहाटे पळाली, आता हातातोंडाशी आलेलं घालवायचं कशाला. त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "सांगितलं तर घेतील का, मॅडम?"

"मला सांगता येणार नाही," मी म्हणाले. ते खरं होतं. "दमा झालेला असणं ही त्यांच्या लेखी साधी गोष्ट नाही. ते नाही म्हणू शकतात. औषध थांबून किती वर्षं झाली, आज फुप्फुसं कशी आहेत, हेही ते बघतील. मी जे पाहिलं आणि जे ऐकलं ते लिहून देईन. पुढचं त्यांच्यावर."

"आणि न्हाय सांगितलं तर घेतील," विपुल म्हणाला.

"बहुतेक घेतील."

"मग झालं तर!"

"आणि पुढे कधी कळलं, तर काढूनही टाकतील," मी म्हणाले.

द्रौपदीताई इतका वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. "मला विचारू नका," त्या म्हणाल्या. कुणी विचारलं नव्हतं. "मला वाटतं सांगावं. पण सांगितलं आणि त्यांनी न्हाय म्हटलं, तर ती घरी ऱ्हाईल. आणि ती घरी ऱ्हायली तर मला बरं वाटंल. म्हणून माझं धरू नका. मी खरं बोलते का माझ्यासाठी बोलते, ते माझं मलाच कळत न्हाय."

सगळे सुकन्याकडे बघायला लागले.

"बघू," सुकन्या म्हणाली.

"बघू काय?" विपुल उसळला. "एसएसबीत फळी टाकून अख्ख्या ग्रुपला खड्ड्यावरून नेलंस म्हणून सांगत फिरत व्हतीस. तिथं झटकन ठरवलंस, आणि इथं बघू?"

"तिथे फळी दिली होती," सुकन्या म्हणाली.

ते गेले. रंगूबाईंना मी पंप आणि भांडं लिहून दिलं. जिन्यातून त्यांचा आवाज वर येत होता. हा पंप कणगीत ठेवायचा की बाहेर ठेवला तरी चालतो, असं त्या द्रौपदीताईंना विचारत होत्या.

त्यानंतर सुकन्याचं उत्तर येईना. दत्तूभाऊ दापोड्याला जाता-येता टेम्पो खाली लावून दोनदा वर आले. पत्र तयार झालं का, असं विचारायचे. मी म्हणायचे, सुकन्या सांगेल तेव्हा होईल. ते म्हणायचे, ती बघू म्हणते. दुसऱ्या वेळी त्यांनी दारातच थांबून विचारलं, पंप घेताना पोरीला दुखायचं का? नाही म्हटल्यावर मान हलवून गेले. एकदा तिनं फोन केला आणि उंचावर, थंडीत दमा परत येतो का ते विचारलं. शक्यता कमी आहे पण नाहीच असं नाही, मी म्हणाले. "म्हणजे किती?" तिनं विचारलं. मला आकडा देता येईना, आणि देता येत नाही हे मी तिला सांगितलं. "बरं," ती म्हणाली, "बघते."

काशीनं तिचं नाव बघूबाई ठेवलं.

फेरतपासणीला निघायच्या आदल्या दिवशी दुपारी ती आली. बरोबर आईच होती. दुपारी माझ्याकडे गर्दी नसते. खालच्या चौकात मात्र ट्रक अडकले होते आणि हॉर्न थांबत नव्हते, म्हणून मी खिडकी लावून घेतली.

मी पत्र लिहायला घेतलं होतं. नाव, वय, तपासणीची तारीख, दोन्ही वेळच्या फुंकण्याचे आकडे, छातीचा फोटो स्वच्छ. सगळं झालं होतं. पूर्वीचे आजार या शब्दांपुढे जागा सोडली होती.

"इथे काय लिहू?" मी विचारलं.

सुकन्या पुढे वाकून त्या जागेकडे बघत बसली. "मॅडम, तुम्ही माझ्या जागी असता तर?"

"मी तुझ्या जागी असते तर पहिल्याच दिवशी उंचीवरून परत पाठवलं असतं मला. पुढचं ठरवायची वेळच आली नसती."

ती हसली. हसताना तिचा एक पाय टेबलाखाली हलत होता. तो थांबला नाही. "विपुलदादा म्हणतो, एक ओळ गाळायची आहे, बस. खोटं कुठे बोलायचंय, नुसतं बोलायचं नाही."

"आणि पप्पा?"

"पप्पा काही म्हणत नाहीत. काल आईला बांगड्या घेऊन आले." तिनं आईचा हात धरून वर केला. मनगटावर हिरव्या काचेच्या नव्या बांगड्या होत्या. द्रौपदीताईंनी हात सोडवून पदराखाली घेतला.

"माप चुकलंय," त्या म्हणाल्या. "हात आवळतात."

मी पेन खाली ठेवलं. तिला घाई करायचा माझा हेतू नव्हता, पण पत्र आजच द्यायला हवं होतं, आणि ते तिलाही ठाऊक होतं. ती अचानक आईकडे वळली.

"आई, तेव्हा तुला भीती नाही वाटली? कुणाला कळेल म्हणून?"

"वाटायची की."

"कधी?"

"रोज." द्रौपदीताई पत्राकडे बघत होत्या, त्यांना वाचता येतं पण त्या वाचत नव्हत्या. "कुणी भाताला तांदूळ काढायला उठलं की मी आधी कणगीकडं धावायचे. तू शाळेतनं खोकत आलीस तर आधी सासूबाईंकडं बघायचे, मग तुझ्याकडं."

"आणि मी बरी झाल्यावर?"

"तरी वाटायची."

"पंप टाकून दिल्यावर?"

"तरी. सवय झाली ना. परवा या बाईंच्या समोर बोलले तोवर वाटत व्हती. त्या दिवशी घरी जाऊन झोपले ते सकाळी यांनी उठवलं तेव्हा उठले. चहा यांनी केला."

"साखर नव्हती त्यात," सुकन्या म्हणाली.

"नव्हती. पण केला."

सुकन्याचा पाय थांबला. ती खुर्चीत सरळ बसली. खांदे मागे, दोन्ही हात मांडीवर. मुलाखतीला असंच बसायला शिकवत असणार.

"लिहा, मॅडम. पाचव्या वर्षापासून चौथीत जाईपर्यंत मला दमा होता. आणि तिथे त्यांनी विचारायच्या आधी हे मी सांगणार आहे."